स्टेपनीचं बिऱ्हाड

घरातलं एखादं दार किती ओझं पेलतं, याचा आपण कधी विचार करत नाही. कपाटाच्या दाराला आतून आरसा लावायचा, आरशाखाली साड्यांसाठी दांडी ठोकायची, दांडीच्या टोकाला ह्यांचे पट्टे अडकवायचे. सहा महिन्यांनी दार चौकटीला घासू लागलं, की सुताराला बोलवायचं. तो बिजागरीचे स्क्रू आवळून जातो. दोन महिने बरे जातात आणि दार पुन्हा खाली उतरतं. त्यात सुताराचा काही दोष नसतो. बिजागरी बिचारी जेवढ्या वजनासाठी केलेली, त्याच्या दुप्पट आपण तिच्या गळ्यात बांधलेलं असतं.

आमच्या जिप्सी गाडीच्या मागच्या दाराचं नेमकं असंच झालं.

तुम्ही म्हणाल, इथे लोणच्याच्या बरण्या आणि लोकरीच्या विणी सोडून ही गाडीची स्टेपनी कुठून आली? पण मैत्रिणींनो, जरा आजूबाजूला बघा. चारही चाकांना जोर देणाऱ्या, उंच गाड्यांची हौस आता घरोघरी आली आहे. थार तर आमच्या नाशिकातच तयार होते. २०२३ साली मारुतीची जिम्नी आली. बोलेरो गावोगाव आहेच. या सगळ्यांची स्टेपनी पाठीवर, मागच्या दारावर. घरातला मुलगा हौसेनं मोठे, खडबडीत नक्षीचे टायर घालून आणतो, चार मित्र वाहवा करतात, फोटो निघतात. पण ते मागचं दार दिवसातून चार वेळा उघडायचं कोणी? भाजीच्या पिशव्या, गॅसचा सिलिंडर, नातवंडांची सायकल आत-बाहेर कोण करतं? म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आधी ‘स्टेपनी’ या शब्दाचीच गंमत सांगते. मी इतकी वर्षं समजत होते, की ‘स्टेप’ वरून काहीतरी असेल. तसं मुळीच नाही. वेल्स देशात लनेल्ली नावाचं गाव आहे, तिथल्या एका रस्त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. १९०४ साली तिथल्या डेव्हिस नावाच्या भावांनी गाड्यांसाठी जादा चाकाची युक्ती काढली. त्याआधी गाड्यांबरोबर जादा चाक नसेच. पंक्चर झालं, की वाटेतच बसून जोडायचं. साहेबाच्या देशात तो शब्द मागे पडला. आपण मात्र जपून ठेवला, मोडक्या पितळी डब्यासारखा.

आणि या स्टेपनीचं बिऱ्हाड कधीच एका जागी टिकलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला मागे उघडायला फळकाच नव्हता, म्हणून चाक सरळ मागच्या पत्र्यावर ठोकलेलं. १९४५ मध्ये शेतकऱ्यांच्या उपयोगाची म्हणून साधी जीप निघाली, तिला सामान चढवायला मागे फळका दिला आणि चाक गेलं कुशीला. काही गाड्यांत ते पोटाखाली टांगतात, मग पावसाळ्यात ते काढायचं म्हणजे चिखलात लोळणच. १९८५ साली आलेल्या जिप्सीत ते मागच्या दारावर बसलं. जागा वाचली, आत चार पोती जास्त मावू लागली. कंपनीने ज्या चाकासाठी ते दार केलं, त्या चाकाला ते आमच्याकडे पंधरा वर्षं चांगलं पुरलं, हेही सांगायला हवं.

आमची जिप्सी २००९ सालची. हरसूलच्या पलीकडे आमचं थोडं शेत आणि सासूबाईंचं जुनं घर आहे. शेवटचे दोन किलोमीटर पावसाळ्यात रस्ता म्हणायचा तो ओढाच असतो, म्हणून ही गाडी. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघे पार गेलेले, चाकाच्या खुर्चीवाचून चालत नाही. पण महिन्यातून एकदा गावच्या देवाला दिवा लावायला जायचंच, हा त्यांचा नेम. खुर्ची घडी करून मागे ठेवायची, पोचल्यावर मी मागचं दार उघडून खुर्ची काढायची, ह्यांनी आईंना उतरवून तीत बसवायचं, अशी आमची वाटणी.

२०२४ च्या उन्हाळ्यात चिरंजीव पुण्याहून आले आणि पाचही टायर बदलून गेले. “आई, आता गाडी कुठेही चढेल!” चढली खरी. पण मागचं दार उघडताना माझ्या मनगटाला कळ येऊ लागली. लावताना दार वर उचलून आपटावं लागे. खालच्या अंगाला बोटभर फट पडली, तीतून धूळ आणि पाणी आत. मी भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं तोलून घेतली. जुनं सतरा किलो भरलं, नवं सत्तावीस. बारा महिने दार आपल्या खांद्यावर दहा किलोचा गव्हाचा डबा जास्तीचा घेऊन रस्त्यातला प्रत्येक खड्डा खात होतं म्हणा ना! भरलेली घागर कडेवर असली तर आपण नदीवरून घरी येतो. तीच हात लांब करून धरा बघू. दारावरचं चाक बिजागरीपासून असंच लांब हात करून धरलेलं असतं आणि गाडी आदळली की घागर कितीतरी जड होते.

ऑगस्टात व्हायचं ते झालं. गावच्या घरासमोर उतार आहे. पाऊस धो धो. मी दार पूर्ण उघडून अर्धी आत वाकले होते, खुर्चीचं चाक कशात तरी अडकलेलं. वाऱ्याचा एक झोत आला, दाराची अडकण आधीच ढिली झालेली, आणि ते सगळं धूड उतारावरून माझ्या पाठीवर आलं. खांद्याला मुका मार बसला, हात वर होईना. सासूबाई पुढच्या सीटवर अडकून. वीस मिनिटं त्या पदर डोक्यावर घेऊन बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “सूनबाई, तुझं काही मोडलं नाही ना? मग देवाला मी इथूनच हात जोडते.” मला त्या मारापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. त्यानंतर दोन महिने त्यांनी गावाचं नावच काढलं नाही.

ह्यांचं म्हणणं, नवी स्टेपनी काढून जुनं हलकं चाक लावू, प्रश्न मिटला. ऐकायला सोपं वाटतं. पण स्टेपनीही बाकीच्या चारांच्या मापाचीच हवी. चारही चाकांचा जोर लावून गाडी चालवताना जिप्सीसारख्या गाडीत पुढची आणि मागची चाकं आतून एकमेकांशी बांधलेली असतात. एक चाक लहान असेल तर ते जास्त फेरे घेतं, बाकीची कमी, आणि हा हिशेब जुळेना की ताण सगळा गिअरांवर येतो. चिखलात चाक थोडं घसरून भागतं, कोरड्या डांबरावर भागत नाही. तीन भाकऱ्या थापलेल्या आणि एक पुरी, असं ताट चालत नाही. जुने टायर परत घाला म्हणावं, तर ते चिरंजीवांनी विकून टाकलेले.

पहिल्या गॅरेजात दाखवलं. त्यांनी दाराला आतून जाड पत्रा वेल्ड करून देतो म्हटलं. हा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगतात, म्हणून आवर्जून लिहिते: दोनदा विचार करा. विरलेल्या साडीला जाड ठिगळ लावलं, की पुढच्या वेळी साडी ठिगळाच्या कडेला फाटते. इथे तर ठिगळाचंही वजन त्याच बिजागरीवर. दार मजबूत होईल, पण ते लटकतं कशावर? मी नको म्हटलं. गॅरेजवाल्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी कामाची खूप छोटी वर्कशॉपं आहेत. तिथे एक मिस्त्री भेटले. त्यांनी आधी गाडीखाली चटई टाकून पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग विचारलं, “काकू, गाडी कोण चालवतं?”

“चालवतो दोघंही. पण मागचं दार उघडते मी.”

“मग माप तुमचं घ्यावं लागेल,” असं म्हणून त्यांनी खरंच टेप काढून माझ्या कोपराची जमिनीपासून उंची मोजली. ब्लाउज सोडून दुसऱ्या कशासाठी माझं माप कोणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यांनी सुचवलं ते मागचं वेगळं कॅरियर. सायकलचं असतं तसलं नव्हे. गाडीच्या तळाला शिडीसारखी लोखंडी चौकट असते, चॅसीस म्हणतात ती. वरचं सगळं घर त्या चौकटीवर बसवलेलं. या चौकटीच्या मागच्या टोकाला एक भक्कम आडवा पाइप, त्याच्या उजव्या अंगाला उभा खुंटा आणि त्या खुंट्यावर फाटकासारखा फिरणारा हात. स्टेपनी दारावरून निघून या हातावर राहायला जाते. आधी हात बाजूला करायचा, मग दार उघडायचं. दारावर आता फक्त दाराचंच वजन.

दार ज्या बाजूला उघडतं, हातही त्याच बाजूला फिरला पाहिजे. आमच्या दाराच्या बिजागऱ्या उजवीकडे आहेत, म्हणजे उघडणारी बाई रस्त्याच्या कडेला उभी राहते, वाहत्या रहदारीत नाही. कोणी हौशी कारागीर खुंटा डावीकडे घालून देतो. मग एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि आपण मधल्या सापळ्यात. तसलं काम परत पाठवावं.

खुंटा ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पैसे वाचवायचे तर तिथे वाचवू नयेत. नुसता पाइपात पाइप घातलेला असेल तर सहा महिन्यांत झिजतो आणि हात खाली झुकतो, म्हणजे पुन्हा कपाटाचंच दार. आमच्या खुंट्यात ट्रेलरच्या चाकाला असतात तशी दोन निमुळती बेअरिंगं आहेत आणि ग्रीस भरायला निपल. शिवाय हात बंद होताना त्याचं मोकळं टोक एका उतरत्या खोबणीवर चढून बसतं. म्हणजे बंद असताना निम्मा भार खोबणीवर आणि खुंट्याला विसावा. खोबणीत रबराचा तुकडा हवाच, नाहीतर नाशिकपासून हरसूलपर्यंत पाठीमागे कोणी तवा-उलथनं वाजवत बसल्यासारखा आवाज येतो.

चिरंजीवांनी फोनवरून सांगितलं, हात आणि दार एका दांडीने जोडून घ्या, एकाच ओढीत दोन्ही उघडतील. कल्पना मला फार आवडली. पण मिस्त्रींनी एक अडचण काढली. खड्ड्यातून जाताना खालची चौकट पिळवटते आणि वरचं घर तिच्यावर रबरावर बसलेलं असल्याने वेगळं हलतं. दोघांना जोडणाऱ्या दांडीची दोन्ही टोकं गोळ्यावर फिरणारी नसतील, तर ती दांडी दारालाच ओढून वाकवते. चांगली दांडी मिळते, नाही असं नाही. मी मात्र विचार केला, की ती दांडी गावाबाहेर अडकली तर हातही उघडणार नाही आणि दारही. मला दोन वेळा हात चालवणं परवडतं. अजून कोणी मला आळशी म्हटलेलं नाही.

माझ्या दोनच अटी होत्या. कळ एका हाताने, कोपराच्या उंचीवर उघडली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात छत्री असते. आणि हात उघडला की उतारावरसुद्धा तिथेच थांबला पाहिजे. कळ त्यांनी ओढून घट्ट बसणारी केली, वर साखळीने बांधलेली पिन, म्हणजे कळ धक्क्याने उघडलीच तरी पिन धरून ठेवील. उघडं ठेवायला स्प्रिंगची खुंटी, हात काटकोनाच्या थोडा पुढे गेला की आपोआप भोकात पडते. मी काम ताब्यात घ्यायच्या आधी गाडी वर्कशॉपबाहेरच्या रॅम्पवर दोन्ही तोंडांनी उभी करायला लावली. सपाट जमिनीवर सगळीच दारं शहाणी असतात. पहिल्यांदा खुंटी अर्धीच पडली. मिस्त्रींनी काही न बोलता भोक कानसून मोठं केलं.

उंचीचा मात्र घोळ झाला. चाक खाली घ्यावं तर मला बरं, पण नाल्यातून वर चढताना गाडीचं शेपूट जमिनीला टेकतं. वर घ्यावं तर मागची काच झाकते. शेवटी मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून आरशात बघत राहिले आणि ते चाक दोन-दोन बोटं वरखाली करत राहिले. जिथे मला मागच्या स्कूटरवाल्याचं डोकं दिसलं, तिथे खूण केली. नंबरप्लेट, तिच्यावरचा दिवा, ब्रेकचे लाल दिवे यांतलं काहीही झाकता कामा नये, हे तर कायद्यानेच आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या खात्याने गाड्यांच्या पुढे लावायच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे मोठे टायर काय, कॅरियर काय, पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून ठेवावं. आमची गाडी पंधरा वर्षांची झाल्याने नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळालेलं, पुढे पुन्हा तपासणी आहेच. म्हणून मी पहिल्यापासून बजावलं, की गाडीच्या चौकटीला नवं भोक नको, वेल्डिंग नको. बंपरच्या जुन्याच भोकांत बोल्ट बसवा, म्हणजे म्हणाल तेव्हा तासाभरात काढून ठेवता येईल. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडत नाही, हा वरचा फायदा.

बोल्टांविषयी एक बारीक गोष्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बघून घ्यावा, तो पोलादाच्या ताकदीचा असतो. कोऱ्या डोक्याचे बोल्ट पडदे टांगायला ठीक. नट आतून नायलॉनची कडी असलेले, म्हणजे थरथरीने सुटत नाहीत. तरीही पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे एकदा आवळायचेच. आमचे दोन ढिले निघाले.

आता प्रश्न उरला, वाटेत पंक्चर झालं आणि हे सोबत नसले तर सत्तावीस किलोचं चाक कमरेएवढं उचलून मी तिथे लावायचं कसं? याचं उत्तर मिस्त्रींच्या बायकोनं दिलं. ती तिथेच हिशेबाच्या वहीशी बसलेली असते. म्हणाली, “तीन बोल्टांतला वरचा एक लांब ठेवा की. चाक आधी त्या खुंटीला अडकवायचं, मग निवांत बाकीचे.” मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि वरचा बोल्ट बदलला. उचलतानाही चाक उभं करून फळीवरून ढकलत वर न्यायचं आणि गुडघा खाली लावायचा. मी अंगणात तीन वेळा करून पाहिलं. शेजारच्या वहिनी गच्चीतून बघत होत्या. चौथ्या वेळी त्या खाली आल्या आणि त्यांनीही करून पाहिलं.

खर्च साडेचौदा हजार आला. टायरांचा खर्च ज्यांनी हौसेनं केला, त्यांच्याकडूनच मी तो वसूल केला. दाराच्या बिजागऱ्या बदलायला लागले ते वेगळे. कॅरियरचं स्वतःचं वजन अठरा किलो, ते फुकटात होत नाही. मागच्या कमानी थोड्या बसल्या आहेत आणि भरली गाडी घाटात वळताना जरा जड वाटते. ज्यांच्या गाडीला कंपनीचीच चाकं आहेत आणि दार नीट लागतं, त्यांनी या भानगडीत पडू नये.

आमच्याकडचा पाऊस लोखंड खातो. म्हणून पोकळ पाइपांची तोंडं बंद करून तळाला पाणी निथळायला भोक ठेवायचं, रंगाआधी रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायचे. दर महिन्याला घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालते, त्याच दिवशी आता खुंट्याला ग्रीसही.

२०२५ च्या जूनमध्ये पहिल्या पावसात गावाला गेलो. ह्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवली. शेजारचा गडी आईंना धरायला आला. उतारावर एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने पिन, कळ, हात बाजूला, खुंटी पडल्याचा टक् आवाज, मग दार. खुर्ची निघाली. सासूबाई काचेतून मान वळवून सगळं बघत होत्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे नाही, त्या लोखंडी हाताकडे पाहिलं आणि त्याला हळदकुंकू लावायला सांगितलं. दिवा त्यानंतर लागला.

राहिलं फक्त स्टेपनीचं कव्हर. बाजारात रेक्झिनचं मिळतं, पण ते आत घाम धरतं. मी जुन्या मेणकापडाच्या ताडपत्रीचं शिवलं, चाकाच्या घेरापेक्षा चार बोटं जास्त घेऊन मागे नाडी ओढली, आणि तळाला पाणी जायला तीन काजी केली. वर काहीतरी लिहायची पद्धत असते म्हणे. चिरंजीवांना वाघाचं चित्र हवं आहे, ह्यांना काहीच नको आहे आणि सासूबाईंना ‘श्री’. कापड सध्या शिवणयंत्रावर तसंच पडून आहे.